एका कळीचे पाच दावेदार

एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर चालू असलेल्या संगणकावर एखादे वेबपान उघडून ‘एच’ ही कळ दाबली, की पानावर ‘एच’ कुठेच उमटत नाही. संगणक पुढच्या मथळ्यावर उडी मारतो आणि तो मथळा वाचून दाखवतो. ‘के’ दाबली की पुढची लिंक, ‘बी’ने पुढचे बटण, ‘ई’ने मजकूर भरायची पुढची चौकट, ‘टी’ने पुढचा तक्ता. डोळस माणूस ज्या कामासाठी पानावरून नुसती नजर फिरवतो, ते काम दृष्टिहीन माणूस या एकेका अक्षराने करतो. आता हीच ‘के’ यूट्यूबवर व्हिडिओ थांबवण्यासाठी आहे. तिथली ‘एफ’ पडदा मोठा करते आणि ‘सी’ सबटायटल्स दाखवते. एनव्हीडीएत मात्र ‘एफ’ म्हणजे अर्जातला पुढचा रकाना आणि ‘सी’ म्हणजे पर्यायांची पुढची यादी. शिवाय संगणकावर मराठीचा इन्स्क्रिप्ट कळफलक चालू असेल, तर ‘एच’च्या जागी ‘प’ बसलेला असतो आणि ‘के’च्या जागी, योगायोगाने, ‘क’च. म्हणजे एका कळीवर ऑपरेटिंग सिस्टीम, स्क्रीन रीडर, ब्राउझर, वेबपान आणि लिपी असे पाच जण हक्क सांगतात. यांत आधी कोण आणि नंतर कोण, एवढाच या लेखाचा प्रश्न आहे. माझ्या मते वेबपानाचा नंबर सर्वांत शेवटी लागला पाहिजे. वेबपाने बनवणारे बहुतेक जण नेमके उलटे गृहीत धरून चालतात आणि सगळी भांडणे तिथून सुरू होतात.

हा प्रश्न उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरच्या अंगाने पाहण्याचे कारण असे, की तो कॅलिफोर्नियातल्या प्रोग्रामरांचा आहे असा आपला समज असतो. २०११च्या जनगणनेत उल्हासनगरची लोकसंख्या ५,०६,०९८ होती, अंबरनाथची २,५३,४७५ आणि कुळगाव-बदलापूरची १,७४,२२६. एकूण सव्वानऊ लाखांच्या वर, आणि त्यानंतर बदलापूर किती पसरले ते सकाळच्या लोकलमध्ये उभे राहणाऱ्याला सांगायला नको. त्याच जनगणनेत महाराष्ट्रात दृष्टिदोष असलेल्यांची नोंद सुमारे ५ लाख ७४ हजार आहे. राज्याचे प्रमाण जसेच्या तसे या तीन शहरांना लावले, तर आकडा पावणेपाच हजारांच्या घरात जातो. हे त्रैराशिक आहे, मोजणी नव्हे. पण अंदाज बांधायला पुरेसे आहे. हाताचा कंप किंवा लकवा यामुळे माउस न धरता येणारे, बोलून टंकलेखन करणारे लोक यात धरलेलेच नाहीत. यांनाही दाखले काढायचे असतात, मालमत्ता कर आणि वीजबिल भरायचे असते, ‘आपले सरकार’वर अर्ज करायचा असतो, बँकांच्या परीक्षांचे फॉर्म भरायचे असतात. ज्याच्याकडे स्वतःचा संगणक नाही तो स्टेशनबाहेरच्या ‘ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील’ अशी पाटी लावलेल्या झेरॉक्सच्या दुकानात जातो. एनव्हीडीए हे मोफत सॉफ्टवेअर आहे, पेन ड्राइव्हवरून चालवता येते आणि मराठीही बोलते. म्हणजे ज्याला ते वापरता येते त्याला दुसऱ्याच्या संगणकावरही आपल्या सवयीच्या कळा खिशातून घेऊन जाता येतात. प्रश्न उरतो तो एवढाच, की समोरचे वेबपान त्या कळा त्याला वापरू देते का.

झटापट नेमकी कशी होते ते आधी पाहू. विंडोजवर कळ दाबल्याचा संदेश एनव्हीडीए ब्राउझरच्या आधी स्वतःकडे घेतो. कल्याणला कसारा आणि कर्जत अशा दोन वाटा फुटतात. शहाडची गाडी कोणत्या रुळावर जाणार आणि विठ्ठलवाडीची कोणत्या, हे गाडी ठरवत नाही, सिग्नलची केबिन ठरवते. स्क्रीन रीडर ही तशी केबिन आहे. तिच्या दोन अवस्था असतात. ब्राउझ मोडमध्ये अक्षरांच्या कळा पान धुंडाळण्याचे हुकूम असतात आणि वेबपानाच्या प्रोग्रामला त्या दाबल्या गेल्याचा पत्ताही लागत नाही. फोकस मोडमध्ये, म्हणजे मजकुराच्या चौकटीत शिरल्यावर, त्याच कळा पुढे सोडल्या जातात आणि अक्षरे उमटतात. इन्सर्ट आणि स्पेसबार एकदम दाबले की एका अवस्थेतून दुसरीत जाता येते. यावरून भांडणाचे तीन प्रकार पडतात. पहिल्यात स्क्रीन रीडर कळ गिळतो आणि वेबपानाचा शॉर्टकट मुका राहतो. दुसऱ्यात वेबपान ब्राउझरची कळ पळवते: कंट्रोल-एफ दाबून पानात शब्द शोधायला जावे तर भलताच शोधखाना उघडतो, किंवा कंट्रोल आणि अधिकचे चिन्ह दाबून अक्षर मोठे करायला जावे तर नकाशाच मोठा होतो. तिसरा प्रकार सर्वांत वाईट. त्यात एकाच कळीने दोन्हीकडे काहीतरी घडते आणि काय घडले ते कळत नाही. पहिल्या प्रकाराबद्दल एक तपशील महत्त्वाचा आहे, कारण तो पुढच्या अर्ध्या युक्तिवादांची हवा काढून घेतो. एनव्हीडीएत ज्या अक्षरांना काहीच काम नेमलेले नाही तीही ब्राउझ मोडमध्ये, मूळ सेटिंगनुसार, पानापर्यंत पोहोचू दिली जात नाहीत. तेव्हा ‘एखादे मोकळे अक्षर शोधू’ ही वाट सुरुवातीलाच बंद आहे.

या विषयाला इतिहास आहे आणि तो बोलका आहे. १९९७ साली आलेल्या एचटीएमएलच्या चौथ्या आवृत्तीत ‘ॲक्सेसकी’ नावाची सोय होती. लिंकला किंवा बटणाला एक अक्षर जोडायचे आणि वापरणाऱ्याने ते ऑल्टबरोबर दाबायचे. हेतू स्वच्छ होता: ज्यांना माउस धरता येत नाही त्यांना जवळची वाट. ब्रिटनमध्ये तर सरकारी संकेतस्थळांसाठी अंकांची यादीच ठरवण्यात आली. १ म्हणजे मुखपृष्ठ, ४ म्हणजे शोध, ० म्हणजे या कळांचीच यादी. कागदावर हे झकास दिसते. पण ऑल्ट-डी विंडोजवरच्या ब्राउझरांत पत्त्याच्या पट्टीकडे नेते, ऑल्ट-एफ मेनू उघडते, लिनक्सवर ऑल्ट आणि अंक दाबले की ब्राउझरचा टॅब बदलतो. हे टाळण्यासाठी फायरफॉक्सने ऑल्टऐवजी ऑल्ट-शिफ्ट ही जोडी घेतली. ती नेमकी विंडोजवर भाषा बदलण्याची जुनी जोडी आहे. ज्याच्या संगणकावर इंग्रजी आणि मराठी दोन्ही आहेत त्याचे बोट अक्षरापर्यंत पोहोचण्याआधी सुटले, की शॉर्टकट राहतो बाजूला आणि लिपीच बदलते. मॅकवर तर कहर आहे. तिथे ॲक्सेसकी कंट्रोल आणि ऑप्शन या जोडीने चालते, आणि व्हॉइसओव्हर या ॲपलच्या स्क्रीन रीडरचे हुकूमही सहसा याच जोडीने दिले जातात. दृष्टिहीनांसह सर्वांना सोय व्हावी म्हणून काढलेली कळ दृष्टिहीनांच्याच कळीवर जाऊन बसली. यात हलगर्जीपणा कोणाचाच नव्हता. पान बनवणाऱ्याला वापरणाऱ्याचा संगणक दिसत नाही आणि तरीही त्याच्या कळफलकावर तो जागा राखून ठेवतो, हा मूळ दोष होता. तो यादी प्रमाणित करून जाणारा नव्हता.

ॲक्सेसकी मागे पडल्यावर एकअक्षरी शॉर्टकटांचा काळ आला. जीमेलमध्ये ही सोय सुरू केली की ‘जे’ आणि ‘के’ने एका पत्रावरून दुसऱ्यावर जाता येते, ‘ई’ने पत्र संग्रहात जाते, ‘एस’ने तारा लागतो, ‘आर’ने उत्तर लिहायला घेता येते. जीमेल ही सोय आपण होऊन चालू करत नाही, ती मागावी लागते; हा शहाणपणा सगळ्यांनी उचललेला नाही. एकअक्षरी शॉर्टकटाचा खरा तडाखा बसतो तो बोलून संगणक चालवणाऱ्याला. त्याचा शब्द संगणकाने मजकूर म्हणून घेतला आणि कर्सर चौकटीबाहेर असला, तर शब्दातले प्रत्येक अक्षर स्वतंत्र हुकूम ठरते. ‘यस’ असा इंग्रजी शब्द उच्चारला आणि तो तीन अक्षरांनी पानावर आदळला, तर वाटेत एक पत्र संग्रहात गेलेले असते. खोलीत दुसरे कोणी बोलले तरी हे होऊ शकते. म्हणूनच ५ जून २०१८ रोजी प्रसिद्ध झालेल्या वेबच्या सुगम्यता मार्गदर्शिकेच्या २.१ आवृत्तीत २.१.४ क्रमांकाचा निकष आला, आणि तो सर्वांत खालच्या म्हणजे अगदी किमान पातळीवर ठेवला गेला. फक्त अक्षर, अंक किंवा चिन्ह यांनी चालणारा शॉर्टकट असेल, तर तो बंद करता यावा, किंवा बदलून घेता यावा, किंवा तो ज्या घटकाचा आहे त्यावर लक्ष असतानाच चालावा. तिन्हींपैकी एक तरी हवे. निकष चांगला आहे, पण तोकडा आहे. कंट्रोल, ऑल्ट यांच्या जोडीने चालणाऱ्या शॉर्टकटांबद्दल तो काहीच म्हणत नाही. परिणाम असा, की निकष पाळल्याचे समाधान मिळवायला प्रोग्रामर अक्षराला दोन कळा जोडतो आणि भांडण दुसऱ्या गल्लीत नेतो.

ती गल्ली म्हणजे कंट्रोल-ऑल्ट. ‘या जोडीकडे कोण फिरकतो?’ असा आक्षेप इथे हमखास येतो. फिरकणारे बरेच आहेत. एनव्हीडीए बसवताना मूळ पर्याय तसेच ठेवले, तर तो सुरू करण्याची कळ कंट्रोल-ऑल्ट-एन असते. तक्त्यात एका रकान्यातून दुसऱ्यात जाण्यासाठी एनव्हीडीए आणि जॉज हे दोन्ही स्क्रीन रीडर कंट्रोल-ऑल्ट आणि बाणाच्या कळा वापरतात. मालमत्ता कराच्या पानावर थकबाकीचा तक्ता असतो, कोणत्या वर्षाची किती रक्कम हे तिथे समजून घ्यायचे असते. तिथे या बाणांवर दुसरे काम लावणे म्हणजे हिशेबाची वही मिटवून ठेवण्यासारखे आहे. शिवाय विंडोज कंट्रोल-ऑल्टला उजव्या ऑल्टच्या बरोबरीचे मानते, आणि भारतीय इंग्रजी कळफलकावर उजवा ऑल्ट आणि ४ यांनी रुपयाचे चिन्ह येते. एखाद्या पानाने कंट्रोल-ऑल्ट-४ स्वतःसाठी ठेवली, तर त्या पानावर रुपया लिहिता येणार नाही. करवसुलीच्या पानावर हे घडले तर त्याला काय म्हणावे? कॅप्स लॉक आणि इन्सर्ट यांच्याकडे तर पाहूच नये. त्या एनव्हीडीए आणि जॉजच्या मुख्य कळा आहेत. शिफ्ट पाचदा दाबली की विंडोजची स्टिकी कीज ही सोय जागी होते. एका हाताने किंवा एका बोटाने टंकणाऱ्यांचा तो आधार आहे. एकेक जागा तपासत गेले की कळफलकावर मोकळा प्लॉट उरत नाही, आणि उरलाच तर तो एका ब्राउझरपुरता किंवा एका भाषेपुरता.

भाषेचा मुद्दा इंग्रजीतल्या मार्गदर्शिकांत जेमतेम येतो, म्हणून त्यावर थोडे थांबतो. आपल्याकडे तो सर्वांत मोठा आहे. वेबपानाच्या प्रोग्रामला कळ दोन तऱ्हांनी विचारता येते: ‘कोणते अक्षर आले?’ किंवा ‘कळफलकावरची कोणती जागा दाबली गेली?’ इंग्रजीत दोन्हींची उत्तरे सारखी येतात, म्हणून प्रोग्रामर सवयीने पहिला प्रश्न विचारतो. इन्स्क्रिप्ट चालू असताना पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘एच’ असे येतच नाही, ‘प’ असे येते, आणि ‘एस’च्या जागी एकाराची मात्रा येते. नाव मराठीत भरून झाले, लिपी तशीच राहिली आणि मग शॉर्टकट दाबला तर काहीच घडत नाही. जागा विचारावी, तर निराळी अडचण. मदतीच्या पानावर ‘जतन करण्यासाठी एस दाबा’ असे लिहिलेले असते. मराठी कळफलक मनात बसलेल्याला ‘एस’ची जागा आठवावी लागते, आणि मदत मराठीत आणायची म्हणून ‘स दाबा’ लिहिले तर ‘स’ असतो ‘एम’च्या जागी. उच्चारानुसार रोमन अक्षरांतून मराठी लिहिणारे याहून वेगळ्या कचाट्यात सापडतात. विंडोज १०मध्ये २०१९पासून मराठीचा असा ध्वन्यनुसारी कळफलक अंगचाच मिळतो. त्यात शब्द जुळत असताना कळा आधी भाषेच्या यंत्रणेकडे जातात आणि वेबपानाला ‘जुळवणी चालू आहे’ एवढाच निरोप मिळतो. तो निरोप न ओळखणारे पान अर्धवट शब्दावरच एंटर झाले असे समजून फॉर्म पाठवून देते. उल्हासनगरात यात आणखी एक पदर आहे. १९४९ साली वसलेल्या या गावात सिंधी ही अनेक घरांतली भाषा, आणि सिंधी देवनागरीत लिहितात तशी उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या अरबी वळणाच्या लिपीतही लिहितात. ‘उजवा बाण म्हणजे पुढे’ हे ज्या पानाने ठोकून बसवले आहे, ते त्या लिपीत वाचणाऱ्याला मागे नेते. इंग्रजी, हिंदी, मराठी आणि सिंधी अशा चार भाषा एका संगणकावर असणे हे तिथे नवल नव्हे. अशा गावात एका अक्षरावर भरवसा ठेवून शॉर्टकट नेमणे ही तांत्रिक चूक तर आहेच, आजूबाजूला न पाहण्याचीही ती खूण आहे.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. शॉर्टकट हे चोचले नाहीत, वेगाने काम करणाऱ्यांची ती गरज आहे. खिडकीवर दिवसाला शेकडो पावत्या फाडणाऱ्या कर्मचाऱ्याला प्रत्येक वेळी माउसकडे हात न्यायला लावणे हाही जाच आहे. मला हे पूर्ण मान्य आहे. आपल्याकडच्या व्यापारी पेठांनी कळफलक शिकला तो टॅलीवर. एफ५ने पेमेंट, एफ६ने रिसीट, एफ७ने जर्नल, एफ८ने सेल्स, एफ९ने पर्चेस हे मुनीमजींच्या बोटांत असते; कळफलकाकडे पाहावेही लागत नाही. तेव्हा हिशेबाचे किंवा करवसुलीचे काम ब्राउझरमध्ये आले की ‘टॅलीसारखे करून द्या’ ही मागणी येणारच. पण टॅली हे स्वतःच्या खिडकीत चालणारे सॉफ्टवेअर आहे. त्या खिडकीत कळांचा मालक तोच. ब्राउझरमध्ये एफ५ने पान पुन्हा उघडते आणि भरलेला फॉर्म कोरा होऊ शकतो, एफ६ पत्त्याच्या पट्टीकडे जाते, एफ७ कर्सरने वाचण्याची सोय सुरू करते, एफ११ पडदा व्यापते, एफ१२ प्रोग्रामरची हत्यारे उघडते. तिथे टॅलीची नक्कल म्हणजे भाड्याच्या घरात भिंत पाडण्यासारखे. मग खिडकीवरच्या कर्मचाऱ्याचे काय? त्याला शॉर्टकट जरूर द्यावेत, पण त्याने मागितल्यावर, त्याच्या खात्यापुरते आणि त्याला बदलता येतील असे. हीच सेटिंग ब्राउझरमध्ये न साठवता खात्यात साठवावी; म्हणजे टेबल बदलले तरी त्याच्या कळा त्याच्याबरोबर जातात. नागरिक वर्षातून एकदा कर भरायला येतो. त्याच्या पानावर एकही शॉर्टकट नसला तरी त्याचे काही अडत नाही. एकाच पानाने दोघांना एकच कळा द्यायच्या हा हट्ट सोडला, की वेग आणि सुगम्यता यांतले भांडण बरेचसे मिटते. उरतो तो स्वतः दृष्टिहीन असलेला कर्मचारी. त्याला शॉर्टकट बंद ठेवण्याचा हक्क असला पाहिजे, आणि बंद ठेवूनही सगळे काम टॅब आणि एंटरने पुरे झाले पाहिजे.

दुसरा आक्षेप जाणकारांचा असतो. एनव्हीडीएत इन्सर्ट-एफ२ दाबले की पुढची कळ थेट पानाला मिळते, जॉजमध्ये तेच काम इन्सर्ट-३ करते. मग तक्रार कशाची? तक्रार अशी, की ही युक्ती वापरायला आधी भांडण झाले हे कळावे लागते. मुका शॉर्टकट चुकीचा संदेश देत नाही, तो काहीच देत नाही. वापरणाऱ्याला वाटते आपलेच बोट चुकले. दुसरी पळवाट प्रोग्रामरच्या हातात असते: सगळ्या पानावर ‘हे ॲप्लिकेशन आहे’ अशी खूण लावायची, म्हणजे स्क्रीन रीडर अक्षरे पुढे सोडू लागतो. शॉर्टकट चालतो खरा, पण त्याच क्षणी ‘एच’, ‘के’, ‘टी’ या नजरेच्या कळा बंद पडतात. एक दार उघडायला अख्खे घर अंधारात घालण्याचा हा प्रकार आहे. चित्र काढण्याच्या फळ्यासारख्या मोजक्या ठिकाणी ही खूण शोभते. अर्जाच्या पानावर ती लावणे अपराध आहे, असे मी म्हणेन. शॉर्टकट कोणता आहे एवढे स्क्रीन रीडरला सांगणारी ‘एरिया-कीशॉर्टकट्स’ नावाची खूण २०१७च्या प्रमाणकात आली. ती उपयुक्त आहे, पण ती फक्त घोषणा करते. कळ चालते की नाही याची हमी तिच्यात नसते.

आणि सगळे जग मोबाइलवर गेले, आता कळफलकाचे काय घेऊन बसलात? जग गेले असेल. पंधरा पानी अर्ज आणि बँकेतले टेबल गेलेले नाही. ज्यांना पडद्यावर बोट टेकवून काम करता येत नाही ते मोबाइललाही ब्लूटूथचा कळफलक जोडतात, आणि अँड्रॉइडवरच्या टॉकबॅक या स्क्रीन रीडरचेही स्वतःचे शॉर्टकट आहेत. पळून जायला तिथेही जागा नाही.

कायदा या सगळ्याच्या मागे उभा आहे, निदान कागदावर. २०१६चा दिव्यांग हक्क कायदा १९ एप्रिल २०१७पासून लागू झाला. माहिती-तंत्रज्ञान सर्वांना वापरता यावे हे त्याच्या ४२व्या कलमात आहे. सरकारी संकेतस्थळांची केंद्रीय मार्गदर्शिका २००९पासून आहे आणि तिची २०२३ची तिसरी आवृत्ती वर सांगितलेल्या २.१ मार्गदर्शिकेशी जोडलेली आहे; म्हणजे एकअक्षरी शॉर्टकटांचा निकष नगरपरिषदेच्या पानालाही तत्त्वतः लागू होतो. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेच्या नियमांतला पंधरावा नियम कायद्याशी विसंगत ठरवला, कारण कायद्याने जे सक्तीचे केले ते नियमाने नुसत्या सूचनेवर आणून ठेवले होते. सक्तीचे मापदंड तीन महिन्यांत बनवा, असा आदेशही दिला. ३० एप्रिल २०२५ रोजी प्रज्ञा प्रसून आणि अमर जैन यांच्या याचिकांवर निकाल देताना डिजिटल सेवा मिळणे हा अनुच्छेद २१मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे न्यायालयाने म्हटले. एवढे सगळे असूनही कळांचे भांडण तपासणीत सापडत नाही, कारण तपासणी बहुधा यंत्र करते. चित्राला पर्यायी मजकूर नाही, रंगांत फरक पुरेसा नाही, हे यंत्र सांगते. ‘के’ दाबल्यावर मनुष्याला काय ऐकू आले हे यंत्राला कळत नाही. सरकारी पानांच्या डोक्यावर अ-, अ, अ+ अशी बटणे असतात आणि तळाशी ‘स्क्रीन रीडर ॲक्सेस’ नावाचे पान असते, त्यात स्क्रीन रीडरांची नावे छापलेली असतात. ती यादी म्हणजे पाटीवर पाहुण्याचे नाव लिहून दार आतून लावून घेणे होऊ नये.

मग करावे काय? वेबपानाने बहुतेक वेळा काहीच करू नये, हे उत्तर ऐकायला विचित्र वाटते. पण पुरावा त्या बाजूचा आहे. वेबएम या संस्थेच्या दहाव्या सर्वेक्षणात स्क्रीन रीडर वापरणाऱ्या १,५३९ जणांनी उत्तरे दिली. लांब पानावर माहिती शोधायची असेल तर आधी मथळ्यांवरून फिरतो असे सांगणारे त्यांत ७१.६ टक्के होते. म्हणजे त्यांचा शॉर्टकट त्यांच्याजवळ आधीपासून आहे. पानाने मथळ्याला खराखुरा मथळा म्हणावे, नुसता ठळक मजकूर ठेवू नये. बटण हे बटण असावे, रंगवलेली चौकट नसावी. प्रत्येक रकान्याला नाव असावे. एवढे झाले की ‘एच’, ‘बी’, ‘ई’ आपोआप कामाला लागतात आणि हे शॉर्टकट पान बनवणाऱ्याला फुकट मिळतात, कोणाशीही न भांडता. त्यापलीकडे शॉर्टकट लागलेच, तर ते चित्रफितीसारख्या किंवा तक्त्यासारख्या एका घटकापुरते असावेत आणि त्या घटकात शिरल्यावरच जागे व्हावेत. पानभर चालणारे शॉर्टकट सुरुवातीला बंद असावेत. शॉर्टकटशिवाय होत नाही असे एकही काम पानावर नसावे. हे लिहायला चार ओळी लागतात आणि निविदेत घालायला एक कलम पुरते. उल्हासनगर महानगरपालिका, अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर नगरपरिषदा संकेतस्थळाचे काम बाहेर देताना ते कलम घालू शकतात. त्यासाठी दिल्लीच्या परवानगीची गरज नाही.

काम ताब्यात घेण्याआधीची परीक्षाही अवघड नाही. बदलापूरची लोकल जिथे संपते त्या सीएसएमटीपासून चालत जाण्याच्या अंतरावर सेंट झेवियर्स महाविद्यालयात २००३पासून दृष्टिहीनांसाठीचे संसाधन केंद्र आहे; रोज स्क्रीन रीडर वापरणारी माणसे शोधायला परदेशी जावे लागत नाही. तेवढेही जमत नसेल, तर एका पेन ड्राइव्हवर एनव्हीडीए घ्या, लिपी मराठी करा, संगणकाचा पडदा बंद करा आणि फक्त कळफलकावर मालमत्ता कराची पावती मिळते का ते पाहा. पावती मिळाली नाही, तर कंत्राटदाराचे बिल अडवून ठेवा.